आमच्या घरी ते गाणं हळू चालायचं

मागल्या भाऊबीजेला मी हिंगणघाटहून वर्ध्याला गेले, माहेरी. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. तर म्हटलं, चंद्र काय हिंगणघाटलाही उगवतो. पण वहिनीचा फोन आला, "ताई, या तुम्ही, सोनू आलीये पुण्याहून," आणि मी बसले एस.टी.त. वहिनीनं बोलावलं की जायचं आणि जाऊन मनातल्या मनात जळायचं, हे माझं चाळीस वर्षांचं व्रत आहे. तेवढंच एक नेमानं पाळलं मी.

सोनू म्हणजे भावाची मुलगी. तिचा नवरा निखिल. पोरगा शांत, पण गाण्याचा विषय निघाला की अंगात येतं त्याच्या. जेवणं आटोपली होती, दुपार होती, आणि दोघांची जुंपली होती.

"आत्या, खरं रॉक म्हणजे जुनंच," निखिल मला सांगत होता. "माणसं स्वतः वाजवायची. नंतर सगळं यंत्रानं खाल्लं."

"ह्याचं असंच आहे," सोनू म्हणाली. "जन्माच्या आधीचं ते सगळं चांगलं. मीच एक नंतरची मिळाली बिचाऱ्याला."

"मग लाव तुझं आजचं एखादं. दोन महिन्यांनी आठवतं का बघू."

"आईची गाणी पण नवीच होती की एके काळी. आता ती तुझ्या जुन्यात जमा झाली. आत्या, तूच सांग. जुनं चांगलं की नवं?"

मी काही सांगायच्या आत निखिलनं फोनवर एक गाणं लावलं. फोनच्या काचेवर पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आलं. पाण्यात उभी केलेली एक रिकामी लाकडी खुर्ची.  ह्या खुर्चीला मी चौदाव्या वर्षापासून ओळखते. तिच्या डाव्या पायाला पाण्यात किती लाटा आहेत ते मला पाठ आहे.

आणि गाणं सुरू झालं, तर ते पळायला लागलं. आवाज बारीक, वाजवणारे घाईत. एखादा सावकाश चालणारा ओळखीचा म्हातारा धोतर सावरत एस.टी.मागे धावताना दिसावा, तसं झालं मला.

"हे पळून काऊन राह्यलं?" मी म्हटलं.

सोनू हसली. निखिलनं फोन पाहिला, म्हणाला, "नाही आत्या, बरोबर आहे, हेच मूळ." वहिनी मात्र हसली नाही. ती माझ्याकडे न बघता ताटं उचलायला लागली. तिला माहीत होतं. तिला पहिल्यापासूनच माहीत होतं, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे भावाचं दुकान. भाऊ मोटारी बांधायचा. विहिरीवरच्या, कापसाच्या जिनिंगमधल्या, उन्हाळ्यात कूलरच्या. मोटर जळली की लोक ती बैलगाडीत, सायकलच्या मागे, पोत्यात घालून आणायचे. बाहेरून तिला काही झालेलं दिसत नाही हो. अंग तसंच, रंग तसाच. वास येतो फक्त. भाऊ नाक जवळ नेऊन सांगायचा, कुठली तार जळली. त्या खोलीत कायम व्हार्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास असायचा. लोकांना त्यानं डोकं धरायचं. मला अजूनही कुठे तसा वास आला की भूक लागते, कारण शाळेतून घरी आलं की आधी तो वास आणि मग मायच्या हातची भाकर.

जळलेली तार कापून काढायची, तिचे वेढे मोजायचे, आणि लाकडी फर्म्यावर नव्या तारेचे तेवढेच वेढे घालायचे. एक जास्त नको, एक कमी नको. भाऊ तार धरायचा आणि मी हँडल फिरवत मनात मोजायची. मोजायचं काम माझंच होतं. आमच्या घरी एक नियम होता, मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. देव जरी दारात आला तरी नाही. माय भाकर थापायची थांबायची, गिऱ्हाईक उंबऱ्यावर हात वर करून उभं राहायचं, पोस्टमन पत्र हळूच फळीवर ठेवून जायचा. सातवीतली पोरगी मी, पण हँडलवर हात ठेवला की सगळं घर माझ्यापुढे चूप. असा मान मला पुढे सासरी, कुठेच मिळाला नाही.

शहात्तर-सत्याहत्तर साल असावं. सेवाग्रामला आश्रम बघायला तेव्हा गोरे पोरं-पोरी येत. केस वाढलेले, खादी नेसलेले, पायात रबरी चपला. त्यातला एक वर्ध्यातच खोली घेऊन वर्षभर राहिला. त्यानं आपल्या देशातून गाणी वाजवायची पेटी आणली होती, ती लावली आपल्या विजेवर, आणि भप्पकन धूर निघाला. तिकडची वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची असते. तो पेटी घेऊन आमच्याकडे आला. भावानं तिची मोटर पुन्हा बांधली आणि भंगारातल्या लोखंडी पट्ट्या जमवून आपली वीज निम्मी करणारा एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर केला. त्याचे वेढे मी मोजले. पेटी तयार झाली तोवर त्या पोराचं मन बदललं होतं. आता काहीच जवळ ठेवायचं नाही म्हणाला, आणि पेटी नेण्याऐवजी नऊ तबकड्यांची पिशवीही आणून आमच्याकडे ठेवली.

माय म्हणाली, "त्यानं मोह सोडला अन् आपल्या दारात टाकला."

त्या तबकड्यांची नावं आम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही खोक्यांवरच्या चित्रांवरून नावं ठेवली. बैलमुंडी. चार दाढीवाले. जळका माळा. आणि माझी लाडकी, पाण्यातली खुर्ची. पुढे त्याच खोक्यांवर बोट फिरवून मी इंग्रजी अक्षरं शिकले. शाळा मॅट्रिकआधीच सुटली, पण ए पासून झेड पर्यंत सगळी अक्षरं मला त्या गोऱ्यांनी शिकवली. अर्थ नाही कळायचा. अक्षरं वाचता आली की मला वाटायचं अर्धं तर आपण समजलोच.

पहिल्यांदा ती खुर्ची वाजली ती दुपार मी कशी विसरू. जिनिंगचा भोंगा होऊन गेला होता, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती. सुई टेकली आणि खालून, अगदी विहिरीच्या तळातून, एक आवाज वर आला. जड. सावकाश. हमालानं एकेक पोतं खांद्यावरून उतरवून हळूच खाली ठेवावं तसा तो माणूस एकेक शब्द ठेवत होता. मध्ये ती गिटार. कण्हावं आणि कण्हता कण्हता हसावं, तशी. मी आणि भावानं एकमेकांकडे पाहिलं.   मला वाटलं, नक्की कोणाची तरी माय मेली आहे ह्या गाण्यात.

दारात मोटर घेऊन उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "सुधाकरभाऊ, हा गोरा बिमार आहे काय? दवाखान्यात न्या त्याले."

"बिमार नाई, शहाणा आहे," भाऊ म्हणाला. "घाई नाई त्याले."

मग किती वर्षं ती पेटी आमच्या दुपारी खात राहिली. दिवाळीनंतर कापूस निघाला की हवेत रुई तरंगायची आणि सुईवर दाढीसारखी चिकटायची. ती मी कापसाच्याच बोळ्यानं पुसायची. उन्हाळ्यात आमच्याकडे पत्रा पोळतो तसं सगळंच पोळतं. एक तबकडी, जळका माळा, उन्हानं पापडासारखी वाकली, तेव्हापासून आम्ही बाकीच्या रांजणाजवळ ओल्या फडक्यात ठेवायला लागलो. खोक्यांना रांजणातल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास लागला, तो कधी गेलाच नाही. पावसाळ्यात वीज जायची. गाणं ऐकताना वीज गेली की ते पटकन तुटायचं नाही. अजून खाली, अजून जड होत होत झोपी जायचं. मला तर ते त्याहून आवडायचं. वीज आली की कण्हत कण्हत उठायचं.

सुई ठेवायचा हक्क माझा होता. भाऊ मोठा, कमावता, पेटी त्यानं बांधलेली, पण सुई माझी. तो खुर्चीत बसून डोळे मिटायचा आणि बोटानं खूण करायचा, हं.

तेव्हा गावातल्या हॉटेलांतून नवी गाणी वाजायला लागली होती. धडाक धडाक. भाऊ म्हणायचा, "ह्यात हात ऐकू येत नाई, बाई. मशीननं बांधलेली मोटर अन् हातानं बांधलेली मोटर, फरक पडते." बाई म्हणजे मी. मला तो तसंच म्हणायचा. मी सगळ्या मैत्रिणींना हेच ऐकवायची, नव्यात हात ऐकू येत नाही, जणू माझंच वाक्य.

एक्क्याऐंशीत शैला वहिनी आली. नागपूरची, नन्सच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड. तिच्या वडिलांनी तिला टू-इन-वन दिला होता, एका अंगाला रेडिओ, एका अंगाला कॅसेट. आणि सोबत कॅसेटचा एक डबा. सगळी नवी गाणी. गोऱ्यांचीच, पण चकचकीत.

लग्नाला आठ दिवस नाही झाले, तर आमच्या घरात दोन पक्ष झाले. संध्याकाळच्या चहाला रोज वाद.

"ताई, तुमचं गाणं म्हणजे बैल बसलाय रस्त्यात. उठतच नाही," वहिनी म्हणायची.

"अन् तुमचं म्हणजे शिलाई मशीन. नुसती टाके घालून राह्यली, कपडा कुठी आहे?"

"पाय हलतो की नाही पण? बघा, तुमचाच हलतोय."

"मुंग्या आल्या पायाले."

भाऊ मध्ये बसून दोघींकडे बघत चहा प्यायचा. आधी तो माझ्या बाजूनं बोलायचा. मग कमी बोलायला लागला. मग एक दिवस मी बाहेरून आले तर तो टू-इन-वनजवळ बसून मान डोलावत होता. मला पाहून मान थांबवली त्यानं. चोरी पकडल्यासारखी. ती थांबवलेली मान मला फार लागली. डोलावली असती तर एवढं लागलं नसतं.

आणि वहिनीला शब्द कळायचे. माझं पोट ह्यानंच दुखायचं. एकदा ती खुर्चीवालं गाणं लक्ष देऊन ऐकत होती आणि हसली. म्हणाली, "ताई, हा म्हणतोय, शनिवारी मी गाडी धुवून ठेवीन, तू लाल सँडल घालून ये." बस्स. कोणाची माय मेली नव्हती, काही नव्हतं. पाच वर्षं ज्या गाण्यावर मी डोळे पुसले ते एका पोराच्या शनिवारच्या बेताचं निघालं.

"खोटं आहे," मी म्हटलं. "गाडी धुवायले कोणी असा रडते का?"

"रडत नाहीये तो," वहिनी म्हणाली, आणि पुढे काहीतरी बोलणार होती ती थांबली. भावाकडे पाहिलं तिनं. मला तेव्हा वाटलं, माझी कीव आली असेल.

मग मोजायचं कामही गेलं. कोणी काढून घेतलं नाही हो, असं कोणी काढून घेत नसतं. मी मायसोबत कीर्तनाला गेले होते, मोटर घाईची होती, तर भावानं वहिनीला बसवलं. तिचा हात साफ. दुसऱ्या दिवशीही तीच बसली. तिसऱ्या दिवशी मी हँडलजवळ गेले तर भाऊ म्हणाला, "राहू दे बाई, शैला करते, तुले भाकरी आहेत ना." प्रेमानंच म्हणाला तो.

आता जे सांगते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. एका सकाळी वहिनी मोजत होती. विहिरीवरची मोठी मोटर, खेड्यावरचा माणूस ती न्यायला दुपारी यायचा होता. घर चूप. माय चूप. ओठ न हलवता वहिनी मोजत होती, आणि तिच्या कपाळावर ती छोटी आठी होती जी मोजताना माझ्याही कपाळावर पडायची. मी स्वयंपाकघरातून मुद्दाम, काही काम नसताना, हाक मारली.

"वहिनी, मीठ कुठी ठेवलं?"

हँडल थांबलं. तिनं वर पाहिलं. माझ्या हाताशी मिठाचं मडकं होतं, ते तिला तिथून दिसत होतं. ती पुन्हा हँडल फिरवायला लागली, पण तिचा आकडा गेला होता. अंदाजानं पुढे मोजलं असणार. दुपारी भावानं मोटर लावली तर ती गुरगुरली. त्याला आवाजावरून कळलं. सगळी तार पुन्हा उकलली त्यानं. खेड्यावरचा माणूस संध्याकाळपर्यंत ओट्यावर बिड्या फुंकत बसला.

"मोजताना कोण बोललं?" भावानं विचारलं.

वहिनी म्हणाली, "कोणी नाही. मीच विसरले."

बघा आता. ती भांडली असती तर मी सुटले असते. तिनं मला वाचवलं आणि त्यानं मी जास्तच जळले. चांगुलपणाही तिचाच. माझ्या वाट्याला काय, तर मिठाचं मडकं. मी वर मोटरीचं सांगितलं ना, बाहेरून दिसत नाही, वास येतो. मायला तो वास आला होता. तिनं मला कधी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती माझ्यासाठी स्थळं बघायला लागली.

ह्याच्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही तिघं चहाला बसलो होतो. टू-इन-वनवर रेडिओ लागला होता, कुठल्याशा स्टेशनवर इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम. रेडिओवरची बाई काहीतरी बोलली आणि गाणं सुरू झालं. मला ओळखायला दोन श्वास लागले. खुर्चीवालं गाणं. पण पळणारं. आवाज कोवळ्या पोराचा, आणि खुशीतला. खरंच, शनिवारची वाट बघत असल्यासारखा.

वहिनीचा हात झपकन रेडिओच्या कानाकडे गेला, बंद करायला. पण मी ऐकलं होतं. आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला असताना तिनं भावाकडे पाहिलं आणि भावानं तिच्याकडे. एवढीशी नजर. डोळा लवायच्या आतली. 'आता काय' अशी. लेकरापासून लपवून ठेवलेली वस्तू लेकरानंच ओढून काढली की मायबाप एकमेकांकडे बघतात ना, तशी.

"रेडिओ बिघडला काय?" मी विचारलं.

भावानं कप खाली ठेवला. "नाई बाई. आपली पेटी हळू चालते."

"हळू म्हणजे?"

"तिकडची वीज सेकंदाले साठ हिसके देते, आपली पन्नास. मोटर त्या हिसक्यांवर फिरते. जोर आपण कमी केला, हिसके कुठून आणू? म्हणून सगळंच हळू, अन् आवाज जाड."

"हे तुले कधी कळलं?"

 मी पण काय विचारत होते. जो दिवसभर मोटारी बांधतो त्याला हे पहिल्या दिवशीच कळणार. पहिल्याच दुपारी, सुई टेकली तेव्हाच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं होतं तेव्हाच.

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुले तशीच आवडली होती," भाऊ म्हणाला. "अन् मंग मलेही."

हे ऐकून माणसानं विरघळायला पाहिजे. आज कोणी मला अशी गोष्ट सांगितली तर मी डोळे पुसीन. पण तेव्हा माझ्या कानात ते शिरलंच नाही. मला एकच दिसत होतं. वहिनी चकित झाली नव्हती. तिला त्यानं सांगितलं होतं. मी पाच वर्षं सुई ठेवली, रुई पुसली, रांजणाजवळ फडकी ओली केली, आणि जे मला नाही सांगितलं ते काल आलेल्या बायकोला सांगितलं. माझ्याबद्दल दोघांचं एक गुपित होतं. ते दोघं चहाला बसून माझं जुनं-नवं ऐकायचे, मी जुन्याच्या बाजूनं तावातावानं भांडायची, आणि दोघांनाही ठाऊक की ही ज्याच्यासाठी भांडते ते गाणं जगात कुठेच नाही, आमच्या पुढच्या खोलीखेरीज.

मी उठले आणि भांडी घासायला गेले. घासलेली भांडी पुन्हा घासली.

त्यानंतर मी त्या पेटीला हात लावला नाही. भाऊ खुर्चीत बसून बोटानं खूण करायचा, मी मला दिसलंच नाही असं करायची. चौऱ्याऐंशीत माझं लग्न ठरलं. निघायच्या आधल्या दिवशी भावानं पेटी पुसून, ट्रान्सफॉर्मर सुतळीनं बांधून दारात आणून ठेवला. "घेऊन जा बाई. तुझीच आहे." मी म्हटलं, "राहू दे तुमची तुमच्याजवळ." 'तुमची' म्हटलं मी त्याला. जन्मात कधी त्याला तुम्ही म्हटलं नव्हतं. त्याचं तोंड इतकंसं झालं, आणि मला, खरं सांगते, गार वाटलं. त्या गारव्याची किंमत मी अजून देते आहे. पेटी पुढे कधीतरी भंगारात गेली. तबकड्यांचं काय झालं, विचारायची हिंमत झाली नाही.

तर त्या भाऊबीजेला निखिलनं माझं तोंड पाहून विचारलं, काय झालं आत्या. वहिनीनंच सांगितलं त्याला, साठ आणि पन्नासाचं. पोरगा हरखला. म्हणाला, अहो हे सोपं आहे, आत्ता हळू करून देतो. फोनवर काहीतरी दाबलं. गाणं हळू झालं खरं. पण आवाज खोल गेला नाही. तोच कोवळा पोरगा, नुसता जीभ ओढत बोलणारा, ताप आल्यासारखा. "असंच होतं ना?" तो विचारत होता. मी म्हटलं, असंच होतं रे. उगाच पोराचा हिरमोड कशाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी मागच्या अंगणात सांभार निवडत बसलो. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. पोरं उठली नव्हती. वहिनीचे हात आता थरथरतात, काड्या नीट खुडता येत नाहीत तिला. हातातली काडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"शेवटच्या तीन महिन्यांत हे सारखं काहीतरी गुणगुणायचे. डोळे मिटून. मला वाटायचं, माझ्या कॅसेटमधलं असेल. सगळ्या चाली लावून बघितल्या मी, कुठलीच बसेना." तिनं पदरानं नाक पुसलं. "काल तुम्ही म्हणालात ना, पळतंय, तेव्हा एकदम वाटलं, तुमच्या पेटीवरचं तर नसेल? फोनवरच्याशी काही ते जुळेना, आणि पेटीवर कसं वाजायचं ते मला आता आठवत नाही. तुम्ही दोघं ऐकायचे तेव्हा मी वर बोलतच राहायची. तुम्ही जरा म्हणून दाखवा ना. दोन ओळी. नुसतं कळलं असतं मला, ते काय म्हणत होते."

माझ्या गळ्यात ते होतं. अख्खं होतं. कुठे श्वास घेतो, कुठे गिटार कण्हते, कुठे पोतं खाली ठेवतो, सगळं, त्याच जड चालीत. मला म्हणून दाखवायचीही गरज नव्हती. तिनं 'डोळे मिटून' म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं तो काय म्हणत होता. इतक्या वर्षांनी, मरताना, हिच्या मांडीशी पडून तो आमच्या घरचं गाणं म्हणत होता. आणि हिला ते ओळखता आलं नव्हतं.

वहिनी थांबली होती. काडी हातात धरून, मान थोडी माझ्याकडे करून.

दोन ओळी काय, अर्धी ओळ म्हटली असती तरी म्हातारीचा जीव शांत झाला असता. मला कळत होतं हो. मी काही दगड नाही. तिनं मला एकदा वाचवलं होतं, तेही मला आठवत होतं. पण चाळीस वर्षं त्या दोघांमधलं मला माहीत नसलेलं काहीतरी मी दारातून बघत राहिले. आता पहिल्यांदा आम्हा दोघांमधलं काहीतरी होतं, आणि ती दारात उभी होती.

"नाई आठवत, वहिनी," मी म्हटलं. "लय वर्षं झाली."

"हो ना," ती म्हणाली. "नसेलच आठवत." आणि माझ्याकडे नीट पाहिलं तिनं. मिठाच्या वेळी पाहिलं होतं तेवढंच नीट. मग मान खाली घालून काड्या खुडायला लागली.

मी तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी माझ्याकडे ओढून घेतली. मग उरलेली अर्धीही घेतली.